चणचणीचा तक्ता

कंपनीचा ताळेबंद वाचून तिला पैशाची किती चणचण आहे हे मोजायचं एक सूत्र मी निवृत्तीनंतर भीतभीत बसवलं. हात आखडला की माणूस आधी दानधर्म थांबवतो, म्हणून जिचा दानधर्म जास्त त्या कंपनीला चणचण कमी, असा त्यात एक नियम होता. त्यावरून मी दरवर्षी कंपन्यांचा तक्ता लावायचो, सगळ्यात कमी चणचण असलेली पहिली. इथल्या एका बँकेने अडचणीतल्या उद्योगांना कर्ज देताना ते सूत्र वापरायला घेतलं, तेव्हा मला आनंदापेक्षा धास्तीच वाटली.

गेल्या वर्षी रामघाटावरची कालिंदी माझ्याकडे ताळेबंद घेऊन आली. गंगाजलासाठी तांब्याचे गडू बनवायचा तिचा छोटा कारखाना आहे. कारागिरांचा तीन महिन्यांचा पगार थकला होता.

"काका, बँकेने लोन नाकारलं. मॅनेजरसाहेब म्हणतात, आपको तो कोई तंगी ही नहीं है."

मी चष्मा लावून आकडे पाहिले. विक्री निम्म्यावर आली होती आणि दानधर्म चौपट झाला होता.

"हे काय गं?"

"संकट टळावं म्हणून संकठा देवीला शतचंडी केली ना. उधार घेऊन केली, खर्च दानधर्मात लिहिला."

ते सूत्र माझं आहे, हे सांगायचा मला धीर झाला नाही. मी एवढंच विचारलं, "आणि आता?"

"आता लोन मिळावं म्हणून सहस्रचंडी बोलले आहे."



यंदा कारखान्यातली दोन यंत्रं विकून तिने ती सहस्रचंडी केली, आणि माझ्या तक्त्यात तिची कंपनी पहिली आली.