आधी टेकू

खोलीतल्या तडकलेल्या खांबाभोवती नव्या सळया बांधायला मिस्त्री पुढे झाला, तसं इंजिनिअरने त्याला थांबवलं. "आधी टेकू लाव."

शेजारच्या पलंगावर अंथरुणाला खिळलेल्या आईची कूस बदलत लेकीने विचारलं, "बाहेरून एवढं जाड काँक्रीटचं कवच चढवणार, मग टेकू कशाला?"

"वरचा भार आधी उतरवावा लागतो, ताई. नाहीतर कवच नुसतं दिसायला. जुनं ओझं जुन्या खांबावरच राहतं."

ती कशीबशी सरळ झाली. भावांनी कुरिअरने पाठवलेला कमरेचा पट्टा तिने पुन्हा आवळला, थोरल्याला फोन लावला आणि इंजिनिअरपुढे धरला.

"हे जरा माझ्या भावाला सांगा. माझं सांगून झालंय."