दोन अर्धी

"त्या घरात सांग गं," मल्लाप्पा दारातल्या शेळीला म्हणाला, "सरकारनं मोठ्या नोटा बंद केल्या. मुदतीत बदलल्या न्हाईत तर रद्दीत जातील म्हणावं."

शेळीने नेहमीप्रमाणे निरोप पोचवला नाही. पण भिंतीपलीकडचा माग थांबला, म्हणजे शेजारच्या परशरामाला ऐकू गेले होते. शहापूरच्या त्या गल्लीत वाचता येणारा मल्लाप्पाच. रोज संध्याकाळी तो ओट्यावर बसून मोठ्याने पेपर वाचायचा आणि सगळे विणकर हात थांबवून ऐकायचे. नोटा बंद झाल्याचे ऐकून मात्र कुणाला घाम फुटला नाही. त्या गल्लीत दहाची नोटसुद्धा सणासुदीला दिसायची. मोठी नोट होती ती फक्त या दोघांकडे, आणि तीही अर्धी अर्धी.

सात वर्षांपूर्वी दोघे भागीदारीत लुगडी विणत. एकदा कोल्हापूरच्या व्यापाऱ्याने शंभराची नोट दिली. ती रात्रभर कुणाच्या घरात ठेवायची, यावरून दोघांत जुंपली. "माझ्यावर इश्वास न्हाय व्हय?" असे दोघेही म्हणाले, आणि दोघांनी नोट धरून ओढली. अर्धी याच्या मुठीत राहिली, अर्धी त्याच्या. त्या दिवसापासून बोलणे बंद. नोट जोडायची तर कुणीतरी आधी शेजारचे दार वाजवायला हवे. ते कोण करणार? शंभर रुपये दोन घरांतल्या दोन ट्रंकांत पडून राहिले आणि दोघेही उधारीवर सूत आणत राहिले. अशी हुशारी भल्याभल्यांना जमत नाही!

पैशाचे एक वेळ सोडा. खरी पंचाईत इंदीची होती. इंदी मल्लाप्पाची एकुलती एक लेक, आणि माघात तिचे लग्न. तिच्या आईला भाऊ नव्हता. इंदीचे जावळ काढले ते परशरामाच्या मांडीवर. मामा म्हणून तिने हाक मारली ती त्यालाच. नवरीला बोहल्यावर मामाने आणायचे, पाठीशी मामाने उभे राहायचे. आता मल्लाप्पा म्हणे, "चिकोडीचा सुबराव उभारंल." सुबराव कुठल्या नात्याने मामा लागतो, हे खुद्द सुबरावालाही ठाऊक नव्हते. इंदी आईजवळ रडून घ्यायची. इकडे परशरामाने तिच्यासाठी जरीकाठी लुगडे विणून ठेवले होते आणि द्यायला जात नव्हता.

"जा की वो," त्याची बायको गुणाबाई म्हणायची.

"बोलावल्याबिगर?" एवढेच त्याचे उत्तर.

नोटांची बातमी ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी परशराम सूत आणायला म्हणून बेळगावात गेला. परत आला तो हातपाय न धुताच मागावर बसला आणि भिंतीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, "गुणे, त्यांच्या शेळीला सांग. मंगळवारी बँकेत यायला मी तयार हाय. नोट बुडाली तर दोघांचीबी बुडंल."

मंगळवारी सकाळी दोघे निघाले. मल्लाप्पा रस्त्याच्या उजव्या कडेने, परशराम डाव्या कडेने. मधून टांगे, सायकली, एक म्हशींचा कळप गेला. मल्लाप्पाच्या वहाणेचा अंगठा तुटला तेव्हा तो खाली बसला. परशराम पलीकडे उभा राहून उगीचच एका दुकानाची पाटी बघत राहिला. त्याला वाचता येत नव्हते, तरी वहाण दुरुस्त होईपर्यंत त्याने ती पाटी सोडली नाही.

बँकेत ही रांग. शेठ-सावकारांची तोंडे पडलेली, कुणी खिशातली पाकिटे दाबून धरलेली. यांची पाळी आली. कारकुनाने हात पुढे केला, आणि दोघेही आधी दुसरा ठेवेल म्हणून थांबले.

"अहो, ठेवा की!" कारकून ओरडला. "दोघं एकदमच ठेवा!"

दोन अर्धी शेजारी शेजारी आली. कारकुनाने नंबर ताडून पाहिले, मग चष्मा वर करून दोघांकडे पाहिले आणि हसू लागला.

"ही बंद झाली असं तुम्हाला कुणी सांगितलं? पाचशे आणि त्यावरच्या बंद झाल्यात. शंभराची चालूच आहे. पेपरात सगळं आलंय की!"

मागची रांगही हसली. मल्लाप्पाचे कान लाल झाले. मग सात वर्षांनी पहिल्यांदा त्याने परशरामाकडे तोंड केले.

"ठाऊक हुतं मला," तो म्हणाला. "पाचशेचा आकडा मीच गाळला वाचताना. दुसरं काय सुचंना बघ."

परशरामाने तोंड रांगेकडे फिरवले. आता हा पुन्हा सात वर्षं बोलत नाही, असे मल्लाप्पाला वाटले. एवढ्यात परशरामाच्या मिशा थरथरल्या. त्याला हसू आवरेना.

"मलाबी ठाऊक हुतं. दुसऱ्याच दिशी सुताच्या दुकानात इचारून आलतो."

"आँ? मग एवढ्या लांब आलास कशाला रं?"

आतून कारकून हाका मारत होता, अहो, नोट तरी घ्या तुमची. पण परशरामाने मल्लाप्पाचा हात धरला होता आणि त्याला दाराकडे ओढत होता.

"तू बोलीवलंस म्हणून," तो म्हणाला.