साफ केलेला आवाज

मशीनची घरघर, मध्येच एक शिट्टी, आणि त्यातून वर येणारा म्हातारा आवाज: "ताई, आहेस ना?" तिसऱ्या हाकेला तिने ओळखलं. हे तर बाबा, तेही तिला ताईच म्हणायचे.

स्टेजवर तिचा धाकटा भाऊ लॅपटॉप आणि वायरींच्या जंजाळावर ओणवा झाला होता. त्याच्या या आवाजांच्या कार्यक्रमाचा पुढच्या रांगेचा पास त्यानेच पाठवला होता. काय ऐकवणार, ते मात्र सांगितलं नव्हतं.

बाबांचं आठ महिन्यांचं आजारपण तिने एकटीने काढलं. भाऊ शेवटचे चार दिवस उगवला, तोही पाहुण्यासारखा. ऑक्सिजनच्या मशीनपाशी फोन धरून बसून राहायचा. तिला वाटायचं, ऑफिसचं काम असेल बिचाऱ्याला. बिचारा रेकॉर्डिंग करत होता.

"ताई, आहेस ना?" हॉलभर हाक घुमली. मग नुसती घरघर. पुन्हा हाक, पुन्हा कोणी नाही. शेजारचा चष्मेवाला डोळे मिटून मान डोलवत होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिवसाला शंभर हाका मारायचे बाबा, आणि ती प्रत्येक हाकेला साबणाच्या हातांनी धावत यायची, "आहे, बाबा" म्हणत. इथे चारशे लोकांसमोर ते हाका मारत होते आणि त्यांची मुलगी जणू घरातच नव्हती.

ती उठली, लोकांच्या पायांवर पाय देत रांगेतून बाहेर पडली आणि सरळ स्टेजवर चढली.

"माझं 'आहे' कुठं गेलं?"

भाऊ चपापला, पण बटणावरचा हात त्याने काढला नाही. "ताई, आत्ता नको ना. ते काढावं लागलं. हाकेला उत्तर मिळालं की त्यातलं एकटेपण जातं."

"एकटे नव्हते ते. मी होते."

तिने स्पीकरची जाड वायर धरली आणि उपटली. हॉल एकदम गप्प झाला. मग चष्मेवाला उठून उभा राहिला, त्याच्या मागोमाग सगळी रांग, आणि टाळ्यांचा कडकडाट सुरू झाला. लोकांना वाटलं, कार्यक्रमाचा शेवटच असा बसवलाय.

भाऊ थोडा वेळ लोकांकडे बघत राहिला. मग त्याने तिचा वायर धरलेला हात घट्ट पकडला आणि चेहरा हसरा ठेवून पुटपुटला, "वाक, ताई. माझ्याबरोबर वाक."