धर्मशाळेची पायरी

दहिवलीच्या जुन्या धर्मशाळेला संरक्षित वास्तूचा मान मिळाला, तेव्हा अंबाबाईने हौसेने गावभर पेढे वाटले. पुढच्याच आठवड्यात भोवती कुंपण आलं आणि राखणीला तिचाच पुतण्या रूपेश लागला. संध्याकाळी ती नेहमीसारखी मैत्रिणींना घेऊन पायरीवर टेकायला गेली, तर त्यानेच हात जोडले. "काकी, आता इथं बसायला बंदी हाय." बिचाऱ्या कुंपणाबाहेर, धोंड्यांवर बसू लागल्या.

रविवारी मुंबईचे पाहुणे आले. रूपेश ऐटीत सांगू लागला, "पूर्वीच्या काळी गावातल्या बायका संध्याकाळी या पायरीवर गप्पा मारत बसायच्या."

कुंपणाबाहेरून अंबाबाई कडाडली, "कुठला पूर्वीचा काळ रं मेल्या? गेल्या महिन्यापर्यंत तुझी आईच बसत व्हती की तिथं!"