इनिडची खुर्ची

पर्लला दिसत नाही हे मला कळलं ते माझ्या बायकोला, इनिडला पुरल्यानंतरच्या मंगळवारी. पर्ल ही माझी म्हातारी फेरेट, मुंगसासारखा पाळीव प्राणी. पूर्वी बिळांत शिरून ससे हुसकून काढायची, आता घरातच असते. बायकोची खुर्ची येता-जाता पायात यायची, ती मी शेवटी खिडकीशी सरकवली, आणि पर्ल धावत येऊन तिच्यावर आपटली.

"दोन वर्षं झाली, बाबा," लेक लॉर्ना म्हणाली. "म्हणून तर आई घरातलं काही हलवू देत नव्हती."

खुर्चीवरून मी कुरकुरलो की इनिड म्हणायची, "आधी तुझं पोट सरकव."

"मग मला का नाही सांगितलं तिने?"

"तुम्ही यॉर्कशायरचे शिकारी आंधळ्या फेरेटच्या डोक्यात काठी घालता, म्हणून."

घालतो. मीही आधीच्या दोन फेरेटना घातली आहे.

खुर्ची आता परत जागेवर आहे. पर्लला उचलण्याआधी मी तिच्याशी बोलतो, म्हणजे ती दचकत नाही. मग ती माझ्या स्वेटरमध्ये शिरून झोपते. आमचं बरं चाललंय. पर्लला मी मारलं नसतं, एवढं इनिडला सांगायचं राहिलं.