निवडलेले मासे

देवाचं राज्य जाळ्यासारखं असतं, असं रविवारच्या प्रार्थनेत पास्टर बोलले होते. चांगले मासे टोपलीत जातात, वाईट बाहेर फेकतात. कुंतानं ते घरी सांगितलं, तेव्हा तिचा नवरा डोमा हसला होता.

आज दोघांनी मासे काठावर ओतले, शेजारीच चपला काढल्या आणि जाळं धुवायला तलावात उतरले. परतले तर मासे निवडलेले. चांगले टोपलीत, मेलेले चिखलात. ओल्या मातीत दोघांशिवाय कुणाचं पाऊल नव्हतं.

"कुंता, तू निवडले का वं?"

"मी तं तुमच्यासंगच पाण्यात होती."

टोपलीत, माशांवर, डोमाच्या चपला नीट जोडून ठेवल्या होत्या.

कुंता आपल्या चपला शोधायला वळली. डोमानं घाईनं तिच्या डोळ्यांवर ओला हात ठेवला.

"चिखलाकडे पाहू नोको."