अध्यक्षसाहेब

मेहकरच्या कोर्टाबाहेरच्या बाकावर द्वारकाबाई सकाळपासून बसून होती. शेजारी नवरा, भास्करराव. गावातली महिला पतसंस्था बुडाली होती आणि कागदोपत्री द्वारकाबाई तिची अध्यक्ष होती. वकील पुन्हा एकदा समजावत होते, "ठेवीदारांची फसवणूक, खोटी कर्जं, विश्वासघात. कलमं जड आहेत, ताई. सिद्ध झालं तर काही वर्षं आत काढावी लागतील."

"पन मी तं संस्थेत कधी पायच नाही ठेवला," ती थकून म्हणाली. "सैपाक चालू असला का हे म्हनत, इथं सही कर. मी पिठाचे हात पुसून करून देत जाओ."

"सही तुमची, म्हणजे गुन्हाही तुमचा. भास्करभाऊंचं नाव कुठंच नाही."

भास्करराव मोबाइलवर बोट फिरवत राहिला. सारं गाव त्यालाच अध्यक्षसाहेब म्हणायचं. मंचावरची मधली खुर्ची त्याची, हारही त्याचा. अध्यक्षांचं नाव पुकारलं की तो उठायचा आणि द्वारकाबाई खाली बायकांत बसून टाळ्या वाजवायची.

दारातून शिपायानं हाळी दिली, "पतसंस्थेचे अध्यक्ष कोन हाये? चला आत!"

त्याला जायला वाट व्हावी म्हणून द्वारकाबाईनं सवयीनं पाय आखडून घेतले.

भास्करराव जागचा हलला नाही.